ठोकलेली गाडी: पुन्हा उभी करायची की सोडून द्यायची? (अनुभव सांगा)

गेल्या महिन्यात गायमुखच्या उतारावर पुढचा टेम्पो अचानक थांबला आणि मी सरळ त्याच्या मागे जाऊन आदळलो. कुणाला लागलं नाही. पण एअरबॅग उघडल्या, बोनेटची घडी झाली, रेडिएटर आत सरकला. गाडी सात वर्षांची हॅचबॅक, पॉलिसीतली आयडीव्ही (विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत) ३,१०,००० आणि वर्कशॉपचं एस्टिमेट २,६०,०००. खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती न करता कंपनी आयडीव्हीचे पैसे देते, एवढं मला ऐकून माहीत होतं. म्हटलं, तीन लाख हातात येतील, विषय संपला.

कंपनीतर्फे नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने शांतपणे वेगळाच हिशेब मांडला. पत्र्याच्या १,१०,००० च्या पार्टांवर ४० टक्के घसारा. प्लास्टिक आणि एअरबॅग मिळून ७०,०००, त्यावर ५० टक्के. १०,००० ची काच तेवढी पूर्ण धरली. मजुरी-रंगाचे ७०,००० धरून, दर क्लेममध्ये मालकाने सोसायचे हजार वजा करून कंपनीचा वाटा झाला १,८०,०००. उरलेले ८०,००० माझे. आणि ७५ टक्के बघायचे ते या १,८०,००० वरून, एस्टिमेटवरून नाही. झीरो डेप (हा घसारा कापू न देणारं जादा कव्हर) मी पाचव्या वर्षी बंद केलं होतं, तीन हजार वाचवायला.

दुरुस्तीला होकार-नकार आठवडाभरात कळवायचाय. घरात दोन पक्ष पडलेत. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी आकड्यांसकट लिहा. 'नशीब, माणसं वाचली' हे आईचं सांगून झालंय.

वागळे इस्टेट, डेन्टिंगचं काम, २२ वर्षं

साहेब, एस्टिमेटचा कागद बाजूला ठेवा आणि गाडीकडे बघा. बंपर, बोनेट, फेंडर, हेडलाइट हे सगळं बोल्टावर असतं. कितीही चेंदामेंदा झाला तरी नवीन लागतं, गाडीला काही फरक पडत नाही. मार एप्रनपर्यंत (बोनेटखालचा, चाकावरचा आतला पत्रा) गेला असेल तर काम वाढतं. लाँग मेंबर (सांगाड्याचा पुढचा लांब दांडा) दुमडला असेल तर मी स्वतःच्या भावालाही 'सोड' म्हणेन.

पुढचे दोन्ही दरवाजे उघडून सावकाश लावा. लॉकपाशी घासतोय, किंवा वरची फट एका टोकाला जास्त दिसतेय, तर पिलर, म्हणजे दरवाज्याचा खांब, हललाय. आम्ही टेपने आडवेतिडवे कर्ण मोजतो. फरक आला तर गाडी बेंचवर (सांगाडा सरळ करायची चौकट) बांधून ओढावी लागते. बेंच सगळ्यांकडे नसतो, साखळी बांधून ओढणारेही आहेत. तशी गाडी दिसायला झकास, पण स्टिअरिंग सोडलं की एका बाजूला जाते आणि टायर आतून खाते.

अजून एक. एअरबॅग उघडली की बॅग, सीटबेल्टचा टेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारा भाग) आणि कंट्रोल युनिट (बॅग उघडवणारा कॉम्प्युटर), तिन्हींचं काय केलं ते विचारा. नवीन बॅग न बसवता नुसता डॅशबोर्ड शिवून देणारे महाभाग बाजारात आहेत. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर कुणीतरी तो बुजवलाय.

खारघर, बुडालेली सेडान

माझी ठोकलेली नाही, बुडालेली. प्रश्न तोच.

बेसमेंटमध्ये सीटपर्यंत पाणी होतं. सकाळी उतरल्यावर मी शहाणपणा केला, चावी फिरवली. एकच 'ठक' झालं. सिलिंडरमध्ये पाणी, कनेक्टिंग रॉड वाकला. कंपनी म्हणाली, पाण्याने झालेलं नुकसान देऊ, पण इंजिन तुम्ही सुरू केलंत म्हणून गेलं आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाचं जादा कव्हर) तुमच्याकडे नाही. आयडीव्ही ५,४०,०००, इंजिनाचे १,९०,००० माझ्या खिशातून. दुरुस्त केली, तिथे चुकलो. पुढचं दीड वर्ष कधी काच खाली येईना, कधी एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा) दिवा, पावसाळ्यात कुबट वास. शेवटी २,१०,००० ला विकली.

गंमत म्हणजे २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला त्या दिवशी, आम्ही कळव्याला होतो आणि वडिलांची गाडीही अशीच बुडाली होती. त्यांनी चावीला हात लावू दिला नाही. बॅटरीची वायर काढली, गाडी ओढत नेली, सीट आणि गालिचे गच्चीवर वाळत घातले. ती गाडी पुढे सहा वर्षं चालली. अर्थात तिच्यात आजच्यासारखा जागोजागी कॉम्प्युटर नव्हता.

वाशी, टोटल लॉस घेतलेली

पाम बीचवर दुभाजकाला लागून गाडी उलटली. तीन वर्षांची. टोटल लॉसबद्दल वाद झालाच नाही, छपरावरूनच कळत होतं. वाद माझा माझ्याशीच होता. नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही ६,९०,००० दिसत होती, ती मी स्वतः सरकवून ६,२०,००० वर आणली होती. प्रीमियम कमी झाला म्हणून नवऱ्याला फुशारकीही मारली. गाडी उलटली त्या दिवशी त्या फुशारकीची किंमत ७०,००० झाली.

६,१९,००० मंजूर झाले. त्यातले ४,१०,००० आधी बँकेकडे गेले, कर्ज होतं ना. माझ्या हातात २,०९,०००.

भंगार, म्हणजे ती मोडकी गाडी, स्वतःकडे ठेवायचं का, असंही कंपनीने विचारलं होतं. ठेवलं असतं तर त्याची किंमत, १,४५,०००, वजा झाली असती. मी नाही ठेवलं, कारण दिरांचा अनुभव. त्यांनी २०१७ साली ठेवून घेतलेली गाडी कळंबोलीच्या एका भंगारवाल्याला दिली, आरसी त्यांच्याच नावावर. तीन वर्षांनी परराज्यातलं चलन आलं. तोच नंबर, रस्त्यावर धावणारी गाडी! गाडी कायमची निकामी झाली की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. आरसी रद्द करून घ्यायची असते, हे त्यांना तेव्हा कळलं. धागाकर्ते दादा, सोडून देणार असाल तर एवढं कराच. पैसे आले म्हणून फाइल मिटवू नका.

कोपरखैरणे, स्कूटर

आमच्याकडे फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याचं नुकसान भरून देणारा विमा. त्यामुळे आयडीव्ही-बियडीव्ही काही प्रश्नच नाही. फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे), मडगार्ड, रिम मिळून १४,००० गेले. कुर्ल्याहून जुना फोर्क आणला होता, तो महिन्यात गळायला लागला. नवीनच घ्या.

तुर्भे, छोटा टेम्पो

तुम्ही पगारी माणसं पैशात मोजता, आम्ही दिवसांत मोजतो. माझा टेम्पो ४१ दिवस वर्कशॉपला उभा होता. पार्ट येतोय, येतोय. हप्ता ११,४०० चा, तो थांबत नाही. कंपनीने बिलाचे पैसे नीट दिले, तक्रार नाही. पण मार्केटमध्ये पहाटे भाजीची फेरी माझी होती, परत गेलो तेव्हा माझ्या जागी दुसरा लागलेला. दुरुस्ती किती दिवसांत होईल ते लिहून घ्या. तोंडी 'दहा-बारा दिवस' म्हणजे काहीच नाही.

नौपाडा

१९९८ ची मारुती ८००, वडिलांची. रिक्षाने मागून दिली. दुरुस्तीला ४६,००० लावले. बाजारात ३०,००० सुद्धा कुणी दिले नसते. हिशेब चुकला, मान्य. हँडब्रेकच्या मुठीवर अजून त्यांच्या हाताची झिलई आहे. दुसऱ्याच्या गाडीबद्दल विचाराल तर मी 'भंगारात द्या' म्हणेन.

धागा सुरू करणारा, पुन्हा

सगळ्यांचे आभार. दरवाज्यांची परीक्षा केली. दोन्ही नीट लागतात. मग वर्कशॉपला सांगून पुढचा भाग पूर्ण उघडायला लावला आणि वागळेच्या दादांच्या ओळखीच्या माणसाला सोबत नेलं. डावा एप्रन गेलाय, लाँग मेंबर शाबूत आहेत. उघडल्यावर २४,००० चा पत्रा वाढला, म्हणजे माझा वाटा ९०,००० च्या जवळ.

एका दलालाने आहे त्या स्थितीत १,१५,००० सांगितले होते. त्यात क्लेम घ्यायचा नाही, म्हणजे माझा ५० टक्के एनसीबीही (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) वाचला असता. बायको त्याच पक्षात. पण नीट झाली तर ही गाडी सहज पावणेतीन लाखांची आहे आणि तिचा पूर्वेतिहास मला माहीत आहे. त्या पैशांत येणाऱ्या जुन्या गाडीचा पूर्वेतिहास मला कोण सांगणार? होकार कळवला. मुदत लिहून घेतली, २५ दिवस. बदललेले जुने पार्ट दाखवायचे, अशीही अट घातली. सुपरवायझरला ती आवडली नाही.

गाडी घ्यायला जाईन तेव्हा आधी चावी फिरवून तो दिवा बघणार आहे. मग सही.