बाबांची मारुती नांदुरी घाटात तापते – इंजिन खोलावं का?

१४ एप्रिल, सकाळी
नमस्कार मंडळी,

आपल्या श्टुटगार्टच्या ईमेल यादीवर गाड्यांच्या धंद्यातले बरेच जण आहेत, म्हणून मदत मागतेय.

बाबा नाशिकला गंगापूर रोडच्या आत एकटेच राहतात, वय ७३. गाडी २००४ ची मारुती ८००, एमएच-१५ पासिंग. पंधरा वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू केली, मग पाच वर्षांनी पुन्हा केली. गाडी विकायचा विषय काढला की ते गप्प बसतात. आईला दर चैत्रात याच गाडीतून सप्तशृंगी गडावर नेत असत. आता आई नाही, तरी त्यांनी जाणं सोडलेलं नाही.

यंदा नांदुरीहून घाट चढायला लागल्यावर अर्ध्या वाटेतच काटा लाल पट्ट्याला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. पाचेक मिनिटं थांबून त्यांनी टॉवेल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी मनगटावर उडालं. भाजलंय थोडंच, पण फोनवर हे ऐकताना माझे हातपाय गळाले.

गावात मात्र गाडी अजिबात तापत नाही. नाशिकच्या मुंबई नाक्यावर, द्वारका चौकात अर्धा-अर्धा तास अडकली तरी काटा खालीच असतो. गॅरेजवाले म्हणतात, हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल. याच गॅरेजने गेल्या मे महिन्यात थर्मोस्टॅट काढून टाकला होता, ‘आपल्याकडच्या उन्हात त्याचं काम नाही’ म्हणून.

इंजिन खोलू द्यावं का?

१४ एप्रिल, दुपारी
ताई, गाडीचं नंतर. बाबांना डॉक्टरकडे पाठव. वाफेने भाजलेलं वरून कमी दिसतं, आणि त्यांना शुगर असेल तर आजच.

आणि झाकणाबद्दल घरात एकदाच नीट ठरवून टाका: इंजिन बंद करून निदान पाऊण तास गेल्याशिवाय, आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताने आरामात दाबता येत नाही तोवर झाकणाला हात लावायचा नाही. माझ्या मामाची छाती अशीच भाजली होती. तो स्वतः ड्रायव्हर होता, त्याला हे सगळं माहीत होतं, फक्त त्या दिवशी घाई होती.

१४ एप्रिल, रात्री
चि. ताईस,

मी सातपूरला अठरा वर्षं आणि इथे एकवीस वर्षं रेडिएटरच्या चाचण्यांवर काम केलंय. तुझा मेल दोनदा वाचला. इंजिन अजून खोलू देऊ नकोस. गॅस्केट गेलेलं असूही शकेल, पण तू जे लिहिलंयस त्यातून ते सिद्ध होत नाही.

गाडी तापते कधी, हे आधी बघायचं. उभ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की उतरते, तेव्हा संशय पंख्यावर जातो: मोटर, फ्यूज, रिले किंवा पंखा चालू करणारा स्विच. पंख्याला बॅटरीचा थेट करंट देऊन बघितलं की मोटरचा निकाल पाच मिनिटांत लागतो. तुमची गाडी उलट वागते. उभी असताना ठीक, चढाला तापते. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कूलिंगच्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. द्वारकेला उभं असलेलं इंजिन जेमतेम पेट्रोल जाळतं. नांदुरीच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये तेच इंजिन जीव खाऊन ओढतं, आणि गाडीचा वेग कमी म्हणून समोरून वाराही बेताचाच. रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बुजल्या असतील तर गावात ते कळतही नाही. घाटात कळतं.

आता थर्मोस्टॅटचं. तो काढला याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यामुळे मूळ दुखणं वर्षभर झाकलं गेलं. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची गोळी असते. पाणी ८०–९० अंशांच्या दरम्यान ठरलेल्या तापमानाला पोचलं की मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. म्हणून गावात काटा खाली दिसतो आणि सगळ्यांना वाटतं, गाडी बरी झाली. तिकडे इंजिन गरमच होत नाही, कॉम्प्युटर त्याला थंड समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. नाशिकला मे महिन्यात ४० अंश झाले तरी इंजिनाच्या दृष्टीने ती थंडीच आहे.

बाबांना पुढच्या गोष्टी बघायला सांग, सगळ्या सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर. झाकण उघडलं की पाणी काठोकाठ आहे का, रंग कसा आहे. वरचा होज मात्र झाकण उघडण्याआधीच दाबून बघायचा. थंड गाडीत तो टणक लागला तर इंजिनातला गॅस पाण्यात शिरतोय, आणि मग गॅरेजवाल्यांचं बरोबर. डिपस्टिकवर आणि ऑइलच्या झाकणाच्या आत चहावरच्या सायीसारखं काही आहे का. रोज पाणी कमी होतं का, आणि किती. झाकणाचं रबर चिरलंय का तेही बघा. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून पाणी १०० च्या बरंच पुढे जाऊनही उकळत नाही. तेच झाकण दाब सोडत असेल तर नाशिकच्या उंचीवर साधं पाणी ९८ च्या आसपासच उकळायला लागतं. गावात फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एखादंच चाक जास्त गरम असेल तर ब्रेक चिकटलाय, आणि इंजिन विनाकारण ओझं ओढतंय.

शेवटचं, आणि हे नक्की विचार: रेडिएटरमध्ये कुठलं पाणी घालतात?

१७ एप्रिल
काका,

मनगटाला ड्रेसिंग झालं, डॉक्टर म्हणाले आठवड्यात बरं होईल. बाबांनी तुमचा मेल प्रिंट करून घेतला आणि शेजारच्या कॉलेजच्या मुलाला हाताशी धरून सगळं तपासलं.

होज मऊ. डिपस्टिक स्वच्छ, सायीसारखं काही नाही. पाणी आठवड्याला कपभर कमी होतं. रंग तांबूस, गढूळ. झाकणाचं रबर कडक झालंय, एका जागी चीर. चाकं सगळी सारखीच.

आणि पाणी बोअरचं. कूलंट शेवटचं कधी घातलं ते त्यांना आठवत नाही. ते म्हणाले, ‘पाणी ते पाणीच ना?’ आमच्या बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल दोनदा गेलीय, बादल्यांना पांढरे थर बसतात. हे सांगताना तेच मध्ये थांबले.

१७ एप्रिल, रात्री
त्यांना कळलं, बरं झालं. गिझरच्या कॉइलवर जो थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि त्या चपट्या नळ्यांची आतली फट काडीपेटीच्या काडीएवढीही नसते.

आता गॅरेज बदला, किंवा त्याच गॅरेजला हे शब्द सांगा: गॅसची टेस्ट आधी. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून इंजिन चालू करतात. इंजिनातला गॅस येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. निळाच राहिला तर हेडला हात लावू द्यायचा नाही.

मग रेडिएटर. तांब्या-पितळेचा असेल तर कारागीर टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवतो. अ‍ॅल्युमिनियमचा, प्लास्टिकच्या टाकीचा असेल तर नवाच घ्या. ॲसिडने धुऊन देतो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. एवढ्या जुन्या गाडीत कधी कधी तो क्षारच भोक बुजवून बसलेला असतो.

नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण, दोन्ही होज, पंपाचा पट्टा. इंजिन फ्लश करून निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत घालतात तेच पाणी, कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळतं. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं, म्हणजे आतली हवा निघते. हे मात्र मेकॅनिकनेच करावं, बाबांनी नाही.

हीटर घाटातही उपयोगी पडतो. काटा चढायला लागला की एसी बंद, काचा खाली, हीटर फुल. तो दुसऱ्या छोट्या रेडिएटरसारखंच काम करतो. तरीही काटा लालकडे सरकला तर कडेला घेऊन बंद करायची. तिथून पुढे रेटली तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि मग खरंच इंजिन खोलावं लागतं.

३ मे
काका,

द्रव निळाच राहिला. अंबडच्या एका छोट्या गॅरेजवाल्याने आमच्यासमोर, म्हणजे माझ्या व्हिडिओ कॉलवर, जुना रेडिएटर उलटा केला आणि होजने पाणी सोडलं. खालून धार आलीच नाही, थेंब-थेंब आलं. बाबा बराच वेळ ते बघत उभे होते.

नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, झाकण, होज, सगळं झालं. काल पहाटे ते शेजारच्या मुलाला घेऊन गडावर गेले. घाटात काटा निम्म्याच्या जरा खाली, शेवटपर्यंत. वर पोचल्यावर त्यांनी मला मंदिराच्या आधी डॅशबोर्डचा फोटो पाठवला.

एक शंका: आज सकाळी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत कूलंट बोटभर उतरलेलं दिसलं.

३ मे, रात्री
हवा अजून निघत असणार, पहिले काही दिवस एवढं उतरतं. ‘लो’च्या रेषेपर्यंत गेलं तर तेच मिश्रण घाला, बोअरचं नको. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी त्यावर डाग दिसला तर कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो पाठव. आठवडाभर रोज सकाळी पातळीवर मार्करने रेघ मारायला बाबांना सांग.