मदत हवी आहे: ऑफिसच्या संगणकासाठी मुक्त-स्रोत (ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना खुला असलेलं) युटिलिटी सॉफ्टवेअर

विंडोज ११, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. मशीन ऑफिसचं आहे, अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत. काय बसवायचं त्याची यादी आयटी विभागाला द्यायची आहे, प्रत्येक नावापुढे परवान्यासकट. रोजची कामं: पासवर्ड घालून फाइली पाठवणं, स्क्रीनशॉटवर बाण-चौकोन काढणं, पीडीएफची पानं जोडणं-हलवणं, आणि डिस्क कशाने भरली ते शोधणं. कागदपत्रं बाहेरच्या वेबसाइटवर चढवायला मनाई आहे, त्यामुळे ऑनलाइन साधनं नकोत. सध्या यादीत विनरार, इरफानव्ह्यू, विझट्री आणि सेव्हन-झिप आहेत. यातलं काय चालेल?

प्रतिसाद १

पहिली तीन नावं खोडा. सॉफ्टवेअर म्हणून तिन्ही चांगली आहेत, पण मुक्त-स्रोत एकही नाही. विनरार ४० दिवसांच्या चाचणीपुरतं असतं. मुदत संपल्यावरही चालत राहतं म्हणून लोक ते फुकट समजतात. इरफानव्ह्यू आणि विझट्री घरी वापरायला मोफत, ऑफिसात मात्र परवाना विकत घ्यावा लागतो. घोळ नेमका इथेच होतो.

मुक्त-स्रोताच्या अधिकृत व्याख्येतलं सहावं कलम म्हणतं की वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करता येणार नाही. म्हणून जीपीएल, एमआयटी, अपाचे किंवा एमपीएल यांसारखा मुक्त-स्रोत परवाना असेल तर व्यावसायिक वापराला अडचण नाही. जीपीएलच्या अटी सॉफ्टवेअर पुढे वाटताना लागू होतात, नुसतं वापरताना नाही. आयटीकडून हमखास येणारी शंका हीच असते, तेव्हा हे यादीतच लिहून टाका.

यादी अशी करा: पासवर्ड घालून फाइली बांधायला सेव्हन-झिप (मुख्यतः एलजीपीएल, जीपीएलचाच सैल प्रकार), स्क्रीनशॉटला शेअरएक्स (जीपीएल ३), पीडीएफच्या पानांना पीडीएफ अरेंजर (जीपीएल ३), डिस्क कशाने भरली ते पाहायला विनडरस्टॅट (जीपीएल २). सेव्हन-झिप सोडून बाकीच्यांच्या अधिकृत पोर्टेबल आवृत्त्या मिळतात, इन्स्टॉल न करता फोल्डरमधून चालतात. तरी आयटीला न विचारता चालवू नका. बऱ्याच ठिकाणी अनोळखी प्रोग्रॅम धोरणानेच अडवलेले असतात.

प्रतिसाद २

सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड घालताना झिप प्रकार निवडलात तर एन्क्रिप्शन (फाइल कुलूपबंद करायची पद्धत) मूळच्या सेटिंगला झिपक्रिप्टोवर असतं. ते जुनं आणि कमकुवत आहे. त्याऐवजी यादीतून एईएस-२५६ ही मजबूत पद्धत निवडा. विंडोजच्या स्वतःच्या एक्सप्लोररला अशी झिप उघडता येत नाही, म्हणजे समोरच्याकडेही सेव्हन-झिप किंवा तसंच सॉफ्टवेअर लागेल. सेव्हन-झेड प्रकार घेतला तर 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स' ही खूणही करता येते. ती केली नाही तर पासवर्डशिवायही आतल्या फाइलींची नावं कुणालाही वाचता येतात. मात्र आत काय आहे ते तपासता येत नाही म्हणून काही मेल सर्व्हर मेलला जोडलेली अशी फाइल परत पाठवतात. आधी एक चाचणी मेल करून पाहा. आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा.

सेव्हन-झिपच्या इन्स्टॉलरवर डिजिटल सही नसते, त्यामुळे विंडोज 'अनोळखी प्रकाशक' असा इशारा देतं. ते अपेक्षित आहे. फाइल अधिकृत साइटवरूनच घेतली आहे ना, एवढं पाहा. उजव्या क्लिकवर सेव्हन-झिप दिसलं नाही तर शिफ्ट धरून उजवी क्लिक करा.

प्रतिसाद ३

शेअरएक्सबद्दल एक काळजी घ्याच. त्यात चित्र परस्पर नेटवर चढवायची सोय आहे. 'आफ्टर कॅप्चर टास्क्स'मध्ये जाऊन 'अपलोड इमेज टू होस्ट'ची खूण काढलेली आहे याची खात्री करा. फक्त क्लिपबोर्डवर कॉपी आणि फाइल सेव्ह एवढंच ठेवा. तुमच्याकडच्या मनाईमुळे हे सगळ्यात आधी तपासा. नावं-आकडे झाकायचे असतील तर धूसर करण्यापेक्षा पूर्ण काळा चौकोन वापरा, धूसर केलेला मजकूर कधीकधी परत ओळखता येतो.

पीडीएफमध्ये गोष्ट उलटी आहे: तिथे वर काळा चौकोन ठेवला तरी खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. त्यासाठी लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये टूल्स मेनूत 'रिडॅक्ट' आहे, ते पानाचं चित्र करून नवी पीडीएफ देतं. पीडीएफ अरेंजर पानं जोडतं, फिरवतं, काढतं. पानातला मजकूर बदलत नाही.

धागाकर्ता

खूप मदत झाली, यादी बदलतो. विनडरस्टॅटमध्ये सगळ्यात मोठं दिसेल ते उडवलं तर चालतं का? आणि ही सॉफ्टवेअर अपडेट कशी ठेवायची?

प्रतिसाद १

विंडोज फोल्डरमधलं काहीही हाताने उडवू नका. त्यातलं विनएसएक्सएस हे विंडोजच्या स्वतःच्या भागांचं फोल्डर मोठं दिसतं, पण त्यातल्या बऱ्याच फाइली हार्ड लिंक (एकाच फाइलची दुसरी नोंद) असतात, म्हणजे तीच जागा दोनदा मोजली जाते. ते सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून साफ करायचं. हायबरफिल ही फाइल हायबरनेशनची, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून संगणक बंद करायच्या सोयीची. ती आयटीने हायबरनेशन बंद केलं की आपोआप जाते. तुमच्या हातात आहे ते डाउनलोड्स, जुने व्हिडिओ आणि दोन-दोनदा ठेवलेले संग्रह (झिपसारख्या बांधलेल्या फाइली).

अपडेटचं म्हणाल तर सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही. २४.०९ च्या आधीच्या आवृत्त्यांत एक त्रुटी होती: संग्रहात दुसरा संग्रह असला तर आतल्या फाइलींवरची 'इंटरनेटवरून आलेली' ही खूण गळायची आणि विंडोजचा इशारा येत नसे. त्यामुळे मशीनवर आधीच असेल तर आवृत्ती पाहा. इन्स्टॉल केलेल्यांसाठी आयटी विंगेटने (सॉफ्टवेअर बसवायचं-अपडेट करायचं विंडोजचं साधन) एकदम अपडेट करू शकतं. पोर्टेबल फोल्डर मात्र तुम्हालाच बदलावे लागतील. महिन्यातला एक दिवस ठरवून ठेवा.