विमानात जागा बदलून मागायची कशी? सल्ला हवाय

चाफा:
पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन विमानाने पुण्याहून दिल्लीला जायचंय. तिकिटं एकाच पीएनआरवर आहेत, पण फुकटातल्या जागा तीन टोकांना मिळाल्यात. बाबांना कमी ऐकू येतं आणि आई पहिल्यांदाच विमानात बसतेय. निदान ती दोघं शेजारी हवीत. अनोळखी माणसाला जागा मागणं बरं दिसतं का? कुणाला विचारू?

डोंबिवलीकर:
जरूर विचारा, पण आपण बदल्यात काय देणार ते आधी ठरवा. मधली सीट पुढे करून खिडकी मागू नका. त्या खिडकीचे त्याने जादा पैसे भरलेले असू शकतात, आणि भिडेपोटी हो म्हणाला तर सगळा वेळ अवघडून बसेल. समजा आई 14सीवर, बाबा 21डीवर आहेत. तर 21ईवाला एकटा आहे का बघा आणि त्याला 14सी द्या. मधली सोडून आइल, म्हणजे वाटेकडेची सीट मिळत असेल तर माणूस आनंदाने उठतो.

ओवी:
+1. आणि त्याच्या जागेवर आधीच बसून मग विचारू नका. तो बॅग हातात धरून उभा, मागे रांग खोळंबलेली, अशा वेळी नाही म्हणायची सोयच राहत नाही. सरळ सांगा, "दादा, वडिलांना कमी ऐकू येतं, आई शेजारी असली तर बरं होईल. 14सी आइल आहे, चालेल का?" नाही म्हणाला तर विषय तिथेच सोडा. कारण विचारू नका. उपकार करायची त्याच्यावर सक्ती नाही.

रानवाट:
विमानात विचारण्याआधी चेक-इन काउंटरवर सांगून बघा, पुष्कळदा तिथेच काम होतं. बाबांच्या ऐकण्याचंही सांगून ठेवा. आपसांत बदललीत तरी क्रूला विचारून. विमान बरंच रिकामं असेल तर वजनाचा तोल सांभाळायला लोकांना ठरावीक ओळींत बसवलेलं असतं.

चाफा:
मनापासून आभार! परतीला बहीण आणि तिची 6 वर्षांची मुलगी सोबत आहेत. त्यांच्यासाठीही असंच विचारावं लागेल?

रानवाट:
नाही ताई, ते कंपनीचं काम. 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरच्या आई, वडील किंवा पालकांपैकी एकाच्या शेजारी जागा द्या, असं डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2024 मध्ये विमान कंपन्यांना बजावलंय. मायलेकींची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर आत्ताच फोन करून जोडून घ्या.