चिखलदरा, तोही मे महिन्यात

बी-१०२ (सचिव): नमस्कार मंडळी. कूलर रात्रभर गरम हवाच फेकून राह्यला. पोरं दिवसभर जिन्यात मोबाईल घेऊन बसतात. येत्या आठवड्यात दोन गाड्या काढून चिखलदऱ्याला जाऊ का? दोन मुक्काम. कोण कोण येतंय?

ए-३०१: भाऊ, मे मध्ये तिथं काय आहे? आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो. धबधबे कोरडे, डोंगर करपलेले. ऑगस्टमध्ये जाऊ ना.

सी-२०४: ताई, तुम्ही किती वाजता पोहोचला होता?

ए-३०१: साडेबारा. संध्याकाळी परत निघालो.

सी-२०४: मग तुम्ही चिखलदरा पाहिलाच नाही ताई. गाव १,१०० मीटरच्या वर आहे. दुपारचं ऊन तिथंही चटकतं, पण ऊन कललं की वारा सुटतो आणि रात्री अंगावर चादर लागते. अमरावतीत त्याच वेळी भिंतीला हात लावला तर भाजतो. मुक्काम केला तरच हे कळतं. पावसाळ्यात देवी पॉइंटवर कितीदा तरी नुसतं धुकं पाहून परतलोय आम्ही. आत्ता दरी तळापर्यंत दिसते.

सी-२०४: आणि ते डोंगर करपलेले नाहीत, तो साग आहे. उन्हाळ्यात साग पानं टाकतो. सिपना नदीचं नावसुद्धा कोरकू भाषेतल्या सागाच्या शब्दावरून आलंय. पानं गळतात म्हणूनच तर जनावरं दिसतात.

ए-००१ (आजोबा): मला न्याल का रे? तिथल्या गाविलगडावर उन्हाळ्यातच जावं. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, पायाखालचं टाकं दिसत नाही. आता वाटा मोकळ्या असतात. भोसल्यांचा हा किल्ला आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने १५ डिसेंबर १८०३ ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. आपल्या पोरांना पानिपत माहीत असतं, दोन तासांवरचा हा किल्ला माहीत नसतो. मला फार वाईट वाटतं याचं. दरवाज्यावरचा गंडभेरुंड, तो दोन तोंडांचा पक्षी, मी त्यांना दाखवीन.

बी-१०२: आजोबा, तुम्ही येणारच. पुढची सीट तुमची.

डी-४०१: मीसुद्धा येते. दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर बसले होते, ते सांगायचं राहूनच गेलं होतं. वनविभागाचा निसर्गानुभव असतो ना, पाणवठ्यावर रात्रभर बसून जनावरांच्या नोंदी करायच्या. संध्याकाळी वर चढलं की सकाळपर्यंत उतरायचं नाही. टॉर्च नाही, अत्तर नाही, बोलणं नाही. पहिले तीन तास फक्त रातवा पक्षी ओरडत होता. मग चंद्र वर आला आणि पानगळीमुळे सगळं रान उजळून निघालं. आधी सांबराची मादी आली. पाण्याला तोंड लावण्याआधी ती इतका वेळ नुसती उभी होती की माझे पाय आखडले. मध्यरात्रीनंतर अस्वल. ते दिसायच्या आधी ऐकू आलं, वाळक्या पानांवर दणदण पावलं टाकत. पिल्लू पाठीवर होतं. वाघ दिसला नाही. पण त्या रात्रीइतकी शांत मी आयुष्यात कधी बसले नसेन.

ए-३०१: बाप रे. पाठीवर पिल्लू?

डी-४०१: हो ताई, मानेमागचे केस धरून.

सी-३०२ (कॉलेजवाला): काकू, रानपिंगळा दिसला का? ते छोटं घुबड हो. ११३ वर्षं कुणालाच सापडला नव्हता. १९९७ मध्ये शहाद्याकडे पुन्हा दिसला, आणि मेळघाटात तर चांगला आहे. दिवसाही बाहेर असतो म्हणून आशा आहे. दुर्बीण मी आणतो.

डी-४०१: नाही रे, तो राहिलाय. सेमाडोहकडे सकाळी लवकर निघू, तूच शोध.

बी-२०३: मी काय म्हणतो, जंगलात विस्तवावर मस्त रोडगे भाजू, वांग्याची भाजी करू. गोवऱ्या मी आणतो.

सी-२०४: नाही भाऊ. हे बिलकुल नको. या दिवसांत पाचोळा इतका वाळलेला असतो की एका ठिणगीने डोंगर पेटतो. विडी-सिगारेटसुद्धा गाडीतून बाहेर पडता कामा नये. रोडगे घरून करून नेऊ.

बी-२०३: बरोबर आहे. माझ्या लक्षात नाही आलं. वीस रोडगे माझ्याकडे लागले.

ए-३०१: भाजी मी करते. आम्ही चौघं धरा. आणि गवळ्यांकडची रबडी खायचीच, मागच्या वेळी ती तेवढी चांगली होती.

सी-२०४: पाण्याचे कॅन घरूनच भरा, वर उन्हाळ्यात पाण्याची चणचण असते. तिथल्या लोकांच्या वाट्याचं आपण संपवायला नको. पेट्रोल परतवाड्यालाच टाका, पुढे फोनला रेंजही धड नसते. जाताना धामणगाव गढीवरून, येताना घटांगवरून.

बी-१०२: ठरलं. मंगळवारी पहाटे ५ ला गेटवर. ऊन चढायच्या आत घाट पार करू. लेकरांना रात्री लवकर झोपवा.

ए-००१ (आजोबा): मी ४ पासून खाली बसलेला असेन. पंचबोल पॉइंटला, जिथं आवाज घुमून परत येतो, पहिली हाक मी देणार.