सदतिशीचा आचेर्बी आणि "अर्ध्या तासात स्ट्रेचर": ऑफसाइड काकांना उत्तर

मधला बॅक (धागाकर्ता)

परवा खेळाडूंच्या बदल्यांच्या धाग्यावर इंटर मिलानचा इटालियन बचावपटू आचेर्बी याच्यावरून ऑफसाइड काकांनी एक पिंक टाकली: "सदतिशीच्या आचेर्बीला इंग्लंडात आणा, नोव्हेंबरच्या पावसात अर्ध्या तासात स्ट्रेचर मागवावं लागेल. इटालियन डिफेंडर म्हणजे संगीत नाटकातला म्हातारा नट, जागेवर उभा राहून वन्समोअर घेणारा." खाली लाइकांचा पाऊस. तिथेच लिहायला घेतलं, पण लांबलं म्हणून वेगळा धागा.

काका, १० जून २०२३, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगची फायनल, मँचेस्टर सिटी विरुद्ध इंटर. त्या मोसमात सिटीच्या हालांडने प्रीमियर लीगमध्ये ३६ गोल केले होते. म्हणजे तुमच्या लाडक्या लीगमधल्या बहुतेक बचावफळ्या त्याने उसासारख्या चरकातून काढल्या होत्या. फायनलला त्याला अंगाला अंग लावून कोणी धरला? आचेर्बीने, वय ३५. सिटी जिंकली ती रॉड्रीच्या गोलवर, हालांड कोरडाच. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये सिटीच्या घरी, एतिहादवर जाऊन इंटरने ०-० केलं. त्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या साखळीत आठ सामन्यांत इंटरने एकच गोल खाल्ला. आणि ६ मे २०२५ ला बार्सिलोनाविरुद्ध ९३ व्या मिनिटाला, सगळं संपल्यात जमा असताना, हा तुमचा म्हातारा नट समोरच्या गोलपाशी होता आणि उजव्या पायाने, म्हणजे त्याच्या कच्च्या पायाने, बरोबरीचा गोल मारून आला.

"वेग, वेग" करता. दोन पावलं आधी निघणाऱ्याला वेगाची गरज कमी लागते. आणि कर्करोगातून दोनदा उठून उभा राहिलेल्या माणसाला तुम्ही पावसाची भीती घालताय?

ऑफसाइड काका

वा. इस्तंबूल पाठ आहे, म्युनिक ऑप्शनला टाकलं. ३१ मे २०२५, पीएसजी ५, इंटर ०. युरोपियन कपच्या (म्हणजे आताच्या चॅम्पियन्स लीगच्या) फायनलमधला आजवरचा सगळ्यात मोठा फरक. एकोणीस वर्षांच्या दुएने दोन गोल मारले. तुमचे आचेर्बी त्या रात्री दोन पावलं आधी कुठे निघाले होते, घरी?

एका रात्री हालांडला धरणं वेगळं. इंग्लंडात ३८ लीग सामने, वर दोन कप, आणि नाताळात बाकीचं युरोप घरी केक खात असताना तुम्ही चिखलात. शनिवारी एक दांडगा अंगावर येणार, मंगळवारी दुसरा. रेफरी शिट्टी वाजवत नाही. इटलीत नुसतं खांद्याला बोट लागलं की माणूस पडतो आणि फ्री किक मिळते, ती सवय घेऊन हा येणार.

इतिहास बघा. सॅम्पडोरियाचा मन्नीनी, १९९१ च्या स्कुडेटोवाला, म्हणजे इटलीची लीग जिंकलेला. डेव्हिड प्लॅटने १९९९ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला आणला, वय ३७. तेही दुसऱ्या पायरीवर, प्रीमियर लीगमध्ये नव्हे. मोजके सामने, मग परतीचं तिकीट. आणि लोराँ ब्लांक! २००१ मध्ये मँचेस्टर युनायटेडने स्टॅमला विकून पस्तिशीचा ब्लांक इंटरमधून उचलला. त्या मोसमात युनायटेड बोल्टन, लिव्हरपूल, आर्सेनल, न्यूकॅसल, चेल्सीकडून हरलं. पाचही नावांची इंग्रजी आद्याक्षरं ओळीने लावा, ब्लांकचंच नाव तयार होतं. नियतीने पाटी रंगवून दिली होती, तरी लोक शिकत नाहीत.

मधला बॅक

ब्लांकचा विनोद ऐकून माझे केस पिकले. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, युनायटेडने लीग जिंकली तेव्हा ब्लांक संघात होता, हे विनोदात बसत नाही म्हणून सांगत नाही का? आणि तो फ्रेंच होता.

ऑफसाइड काका

फ्रेंच होता तर इंटरमध्ये काय फ्रेंच शिकवत होता?

टीजचा वारा

मी मिडल्सबरोजवळ सात वर्षं राहिले, म्हणून बोलते. इथे फेस्टाचं नाव कसं निघालं नाही याचंच आश्चर्य वाटतंय. जियानलुका फेस्टा, जानेवारी १९९७ मध्ये इंटरमधूनच मिडल्सबरोला आला. पाच वर्षं राहिला. संघ खाली गेला (एका न खेळलेल्या सामन्यासाठी तीन गुण कापले, नाहीतर वाचला असता) तेव्हाही तो पळाला नाही. १९९७ च्या एफए कप फायनलमध्ये त्याने हेडर मारून गोल केला होता, तो ऑफसाइड दिला. माझे शेजारी सत्तरीचे, बायकोच्या वाढदिवसाची तारीख विसरतात, पण त्या लाइनमनला अजून विसरलेले नाहीत. कुंपणावरून मला तीनदा तरी ऐकवलंय.

आणि काका, फेस्टा पुढे २००२ मध्ये पोर्टस्मथला गेला. वय ३३. त्या मोसमात पोर्टस्मथ डिव्हिजन वन (तेव्हाची दुसरी पायरी) जिंकून वर गेलं. आता म्हणा स्ट्रेचर.

बाकी पावसाचं तुम्ही सगळे काय घेऊन बसलात? तिथे पाऊस नाही, वारा मारतो. उंच आलेला चेंडू शेवटच्या क्षणी कुठे वळेल ते तिथल्यांनाही कळत नाही. बाहेरून आलेल्या बचावपटूला पहिल्या हिवाळ्यात हेच शिकावं लागतं, आणि ते शिकायला तरुण असावं लागतं असं काही नाही.

ऑफसाइड काका

फेस्टा आला तेव्हा २७ चा होता, ताई. तरुणपणी येऊन तिथे म्हातारा झाला. मीही लग्नानंतर सासरच्या स्वयंपाकाशी जुळवून घेतलं, पण तेव्हा तिशीत होतो.

म्हातारा होऊन आलेला हवा? मार्को कासेट्टी घ्या. रोमाहून ३५ व्या वर्षी वॉटफर्डला. कबूल करतो, मोसमभर बरा खेळला. मग मे २०१३, वेम्बली, प्ले-ऑफ फायनल, जादा वेळ. क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा, वय २०, आत घुसला आणि कासेट्टीने पाडला. पेनल्टी. १-०. वॉटफर्डची प्रीमियर लीग गेली. अख्खं वर्ष जुळवून घेतलं आणि शेवटी वय बोललं.

मधला बॅक

ती पेनल्टी मारली कोणी ते का गिळलंत? केव्हिन फिलिप्स, वय ३९. इंग्लिश फुटबॉलमध्ये म्हाताऱ्यांना जागा नाही म्हणे!

पेठेतला स्टॉपर

तुम्ही सगळी टीव्हीवर बघून बोलताय. मी उभा राहिलेला सांगतो.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्या असतात. आमच्या तालमीला एक स्टॉपर (मधला बचावपटू) होता, चाळिशी पार. आठवडाभर शिरोलीत फौंड्रीत काम, संध्याकाळी प्रॅक्टिसला यायचा तर अंगाला वाळूचा वास. समोरच्या टीमनं बाहेरनं एक नायजेरियन फॉरवर्ड आणलेला, बाविशीचं पोरगं, नुसता घोडा. शाहू स्टेडियम गच्च. मी राइट बॅक. पहिल्या पाच मिनिटांत त्यो आमच्या गड्याला दोनदा मागं टाकून गेला. मला वाटलं संपलं. तर हा माझ्याकडं येऊन म्हणतो, "तू त्याच्याकडं बघू नको, त्याला बॉल देणाऱ्याकडं बघ." त्यानंतर हाफटाइमपर्यंत त्या पोराला बॉल मिळाला न्हाई. थ्रोला हा हळूच जर्सीला दोन बोटं लावायचा, रेफरीची पाठ असताना. पोरगं चिडलं, ढकललं, यलो घेतलं. हे कोणत्या कोचिंगमधी शिकवत न्हाईत भावा. कियेलिनीनं २०२१ च्या युरो फायनलला वेम्बलीत साकाची कॉलर धरली न्हवं का, तीच कला. छत्तिशीचा होता.

ऑफसाइड काका

पुढे? सामना काय झाला?

पेठेतला स्टॉपर

हरलो, २-१. सेकंड हाफला माझा स्नायू धरला, मी बाहेर. माझ्या जागी नवं पोरगं आलं, ते सारखं वर पळायचं. म्हातारा एकटा पडला, दोन गोल झाले. पण त्यात त्याची चूक न्हवती.

ऑफसाइड काका

धन्यवाद. माझी केस तुम्हीच लढलात.

मधला बॅक

काका, उलट बोलताय. शेजारी माणूस होता तोवर तो पुरून उरला, शेजार गेला तेव्हा पडला. २०२४-२५ च्या मोसमात इंटरमध्ये आचेर्बी तिघांच्या मधला असायचा, एका बाजूला बास्तोनी, दुसऱ्या बाजूला पावार नाहीतर बिसेक. म्युनिकला ते शेजारच कोसळलं होतं. त्याला चारच्या फळीत घालून फुलबॅक दोघे पुढे सोडलेत तर मीसुद्धा स्ट्रेचर धरायला येईन.

बालेवाडी २०१४

म्हातारे इटालियन सेंटर बॅक म्हणताय आणि आपल्या पुण्याला विसरताय? एफसी पुणे सिटीकडे पहिल्या आयएसएलला (इंडियन सुपर लीग) ब्रुनो सिरिलो होता. एके काळचा इंटरवाला, वय ३७. मी बालेवाडीला जाऊन बघितलाय. धावताना फार दिसला नाही, पण हात सतत वाहतूक पोलिसासारखे चालू. आमच्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "याला नळ स्टॉपला उभा करा."

आणि गंमत: २००४ मध्ये सामन्यानंतर इंटरच्या मातेरात्सीने ज्याला ठोसा मारला आणि दोन महिन्यांची बंदी ओढवून घेतली, तो सिएनाचा खेळाडू म्हणजे हाच सिरिलो. दहा वर्षांनी दोघे भारतात, एक पुण्यात, एक चेन्नईत.

फातोर्डेकार

मातेरात्सीचे नाव काढू नका. २० डिसेंबर २०१५. फातोर्डा. आयएसएलची फायनल. आम्ही, म्हणजे एफसी गोवा, ८७ व्या मिनिटाला २-१ पुढे. माझ्या बाजूच्या माणसाने फटाक्याची माळ पिशवीतून बाहेर काढली होती. नव्वदाव्या मिनिटाला आमच्याच गोलकीपरकडून स्वयंगोल, आणि लगेच चेन्नईच्या मेंडोझाचा गोल. २-३. चेन्नईचा कोच कोण? मातेरात्सी. ती माळ त्या माणसाने परत पिशवीत भरली, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि एव्हर्टनला १९९८-९९ मध्ये काय केले त्याने? एक मोसम, लाल कार्डे, परत. तेव्हा तर तरुण होता, पंचविशीचा. म्हणजे वयाचा प्रश्नच नाही, इटालियन डोक्याचा आहे.

पेठेतला स्टॉपर

गोवावाल्यांनी डोक्याचं बोलू नये. घरच्या मैदानात तीन मिनिटं लीड धरता येईना. आमच्या पेठेत असं झालं असतं तर गोलकीपरला आठवडाभर चहा मिळाला नसता.

फातोर्डेकार

तुमच्या पेठेत? आय-लीग, म्हणजे आयएसएलच्या आधीची देशातली मुख्य लीग, पहिल्या सहाही वेळा गोव्यात आली. धेंपो, चर्चिल, परत धेंपो, साळगावकर, परत धेंपो, परत चर्चिल. तुमच्या तालमींनी कोल्हापूरच्या वेशीबाहेर काय जिंकले ते सांगा. दोन गल्ल्यांत भांडायचे आणि त्याला फुटबॉल म्हणायचे.

पेठेतला स्टॉपर

अनिकेत जाधव कुठला रे? २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप बघितला नव्हतास का? कंपनीच्या पैशावर टीम चालवणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. आमच्याकडं वर्गणी काढून टीम चालते आणि तरी स्टेडियम भरतं. तुमच्याकडं आय-लीगला किती माणसं असायची ते तूच सांग.

फातोर्डेकार

वर्गणी काढून नायजेरियन आणता, म्हणजे श्रीमंतच की.

बालेवाडी २०१४

मी फक्त सिरिलोबद्दल लिहिलं होतं.

टीजचा वारा

आचेर्बी कुठे गेला?

धागा सांभाळणारे

कोल्हापूर-गोवा वादासाठी नवा धागा काढावा. गल्ल्या आणि गोलकीपरच्या चहाबद्दलचे पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

मधला बॅक

तर मूळ मुद्दा. काका, ब्राझीलचा बचावपटू थियागो सिल्वा याच्याबद्दल तुम्ही मुद्दाम गप्प आहात. पस्तिशीत चेल्सीला आला, चार मोसम खेळला, पहिल्याच वर्षी चॅम्पियन्स लीग. त्याच्या अंगात मिलानची तीन वर्षं होती.

ऑफसाइड काका

गप्प नाही, तुमची वाट बघत होतो. पहिला लीग सामना, वेस्ट ब्रॉम. पायातून चेंडू निसटला, गोल. मध्यंतराला चेल्सी ०-३, शेवटी कसंबसं ३-३. एप्रिल २०२१, परत वेस्ट ब्रॉम, तिसावं मिनिट व्हायच्या आत लाल कार्ड, घरच्या मैदानात २-५. खाली जाणारा संघ होता तो! चॅम्पियन्स लीग फायनलला अर्ध्या वेळेच्या आत दुखापत होऊन बाहेर. त्याच्या जागी क्रिस्टेन्सन आला आणि चेल्सी जिंकली.

पण ठीक आहे. चेल्सीच्या तेव्हाच्या कोचने, टुखेलने, तिघांच्या मध्ये उभा केल्यावर सिल्वा चालला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा लिहून घ्या, कारण मी परत म्हणणार नाही: तीनची फळी, दोन्हीकडे धावणारी पोरं, महिन्याला तीन सामने, डिसेंबरात सुट्टी, आणि वारा पडलेला असला, तर तुमचा आचेर्बी इंग्लंडात चालेल. एवढं सगळं दिलंत तर मीही चालेन.

मधला बॅक

"स्ट्रेचर" मागे घेताय का?

ऑफसाइड काका

अर्ध्या तासाऐवजी पंचेचाळीस मिनिटं करतो.

टीजचा वारा

शेजाऱ्यांना फोनवर धाग्याबद्दल सांगितलं. त्यांना आचेर्बी कोण ते माहीत नाही. म्हणाले, "फेस्टा ऑफसाइड नव्हता."

फातोर्डेकार

नवा धागा काढला आहे. शीर्षक: "तीन मिनिटे". कोल्हापूरवाल्याने तिकडे यावे.