कर्लीच्या खाडीत आधी भरतीची वेळ बघा

मालवणजवळच्या देवबागहून समुद्रातून निवतीपर्यंत कयाक (वल्ह्यांची छोटी होडी) नेण्याचा बेत कुणीतरी मांडलाय. सोबत नवशिके असतील तर कळकळीने सांगतो, तो बदला. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या मुखाशी ओहोटीचं पाणी पश्चिमेला जोरात बाहेर पडतं आणि दुपारचा वारा समुद्राकडून येतो. दोन्ही समोरासमोर आले की वाळूच्या उथळ पट्ट्यावर लाटा उभ्या राहून फुटतात. उलटलेली कयाक अशा वेळी बाहेरच ओढली जाते.

त्यापेक्षा तारकर्लीच्या खाडीकडच्या बाजूने निघून नेरूरपारच्या दिशेने आत जा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास भरती पूर्ण होणारा दिवस निवडा. जाताना भरती ढकलते, परतताना ओहोटी साथ देते, आणि वारा सुटायच्या आत तुम्ही काठावर असता. मात्र ओहोटीत सुरुवातीची जागा ओलांडून मुखाकडे जाऊ नका. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्याचा अंदाज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जास्त, अष्टमीच्या भांगात (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) कमी.

आतला कांदळवनाचा काठ फार सुंदर आहे, खंड्या हमखास दिसतो. लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगावर हवं. पावसाळ्यात हा विचारच नको.