नाटकांच्या व्हीसीडी, गाण्यांच्या सीडी: ठेवायच्या की कॉपी करून मोडीत घालायच्या?

तबकडीवाला: कॉपी करा, पण छापील, म्हणजे कारखान्यात साच्याने दाबून बनवलेली डिस्क टाकू नका. १९८२ साली जपानात सीडी विक्रीला आली. त्या काळातल्या कित्येक आजही बिनतक्रार वाजतात. माहिती साठवणारे बारीक खड्डे पॉलिकार्बोनेटमध्येच, म्हणजे डिस्कच्या प्लास्टिकमध्येच दाबलेले असतात, ते पुसले जात नाहीत. घरी बर्न केलेली सीडी-आर मात्र वेगळी जात. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उन्हाने विटतो.

क्लाउडकाका: खड्डे टिकतील हो, आरशाचं काय? अ‍ॅल्युमिनियमचा थर लेबलाच्या बाजूला असतो, वर नुसता लॅकरचा पातळ हात. त्याला चीर गेली की कोकणातल्या दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम खराब व्हायला कितीसा वेळ? डिस्क दिव्यासमोर धरून बघा, उजेडाचे ठिपके वाढत असतील तर ती चालली. लोक चकचकीत बाजू फुलासारखी जपतात आणि लेबल टेबलावर घासतात! खालचा ओरखडा पॉलिशने जातो, वरचा नाही.

तबकडीवाला: मग दोष हाताळण्याचा झाला, डिस्कचा नव्हे. पुसण्याचंच घ्या. मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही. सीडी वाचताना ट्रॅकवरची, म्हणजे माहितीच्या गोल-गोल फिरणाऱ्या रेघेवरची, सलग सुमारे २.५ मिमी खोट भरून निघते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात जरासाच लागतो. गोल पुसून पडलेला ट्रॅकच्याच दिशेने धावतो, तिथे दुरुस्ती हात टेकते.

सेक्टर२०४८: व्हीसीडीवर वाद नको, आजच कॉपी करा. डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका तुकड्यात, २०४८ बाइट माहिती आणि वर दुरुस्तीचा जादा थर असतो. व्हीसीडीच्या व्हिडिओत तो थर काढून २३२४ बाइट भरलेत. म्हणून चित्राचे चौकोन होतात. कॉपी अडली तर वाचण्याचा वेग कमी करा, तरी नाही तर ड्राइव्ह बदला. एकाला न जमलेली डिस्क दुसरा सहज वाचतो. डेटा डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरची माहिती वाचवणारा प्रोग्रॅम वापरा. काय वाचून झालं याची नोंद तो मॅप फाइलमध्ये ठेवतो. दुसऱ्या ड्राइव्हवर तीच फाइल दिली की फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातात.

क्लाउडकाका: एवढा खटाटोप व्हीसीडीच्या ३५२×२८८ ठिपक्यांच्या चित्रासाठी?

सेक्टर२०४८: त्या प्रयोगाचं दुसरं चित्रीकरण असेल तर नका करू.

क्लाउडकाका: कॉपी झाल्यावर तरी कपाट मोकळं करा. उद्या ड्राइव्हचा ट्रेच उघडला नाही की बसाल बघत.

तबकडीवाला: वीज बंद करून समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप घाला, ट्रे बाहेर येतो. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये बहुधा रबरी पट्टा सैल झालेला असतो, तो बदलला की झालं.